हेडीसटाउन: चाहत्यांना आणि नवख्यांना पडणारे प्रश्न

ऑर्फियस आणि युरिडिसी यांची ग्रीक पुराणकथा सांगणारं 'हेडीसटाउन' हे म्युझिकल मी लंडनच्या लिरिक थिएटरमध्ये दोनदा पाहिलं. गाणी किती वेळा ऐकली याची तर गणतीच नाही. तेव्हापासून घरचे, मित्रमंडळी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलं, सगळे मला या नाटकाबद्दल विचारत असतात. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. शेवट उघड सांगितला आहे. गोष्ट दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि नाटक स्वतःच पहिल्या गाण्यात सांगून टाकतं की ही दुःखाची कहाणी आहे. तेव्हा लपवण्यासारखं काही नाही.

मूळ गोष्ट काय आहे?

ऑर्फियस हा गायक. त्याच्या गाण्यानं झाडं आणि दगडसुद्धा हलायचे. लग्नानंतर लगेचच त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. तो तिला परत आणायला जिवंतपणी पाताळात उतरतो आणि मृतांचा राजा हेडीस याच्यापुढे गातो. राजाला पाझर फुटतो, पण तो एक अट घालतो. ऑर्फियसनं पुढे चालायचं, ती मागून येईल, वर उजेडात पोचेपर्यंत त्यानं मागे वळून बघायचं नाही. अगदी शेवटी, वाट सरत आलेली असताना, तो वळून बघतो. ती कायमची जाते.

रोमन कवी व्हर्जिल आणि त्याच्यानंतर ओव्हिड यांनी ही गोष्ट सविस्तर सांगितली. आज आपल्याला माहीत असलेलं तिचं रूप मुख्यतः या दोघांचं आहे.

नाटकानं त्यात काय बदललं?

सर्वात मोठा बदल म्हणजे साप नाही. इथली युरिडिसी भुकेनं आणि थंडीनं गांजलेली, एकटीच्या जोरावर जगत आलेली मुलगी आहे. ऑर्फियस आपलं गाणं पूर्ण करण्यात इतका बुडालेला असतो की वादळ आल्याचं आणि घरात खायला काही नसल्याचं त्याच्या ध्यानातच येत नाही. तेव्हा हेडीस तिला कामाचं, अन्नाचं, उबेचं आमिष दाखवतो आणि ती आपल्या पायानं खाली जाते.

पाताळ म्हणजे इथे एक कारखान्यांचं गाव. खाणी, भट्ट्या, अखंड पाळी, आणि चारी बाजूंनी बांधली जाणारी भिंत. काळ साधारण १९३० च्या दशकातल्या अमेरिकन मंदीसारखा, संगीताला न्यू ऑर्लिन्सच्या जॅझची आणि अमेरिकन लोकगीतांची चव. जोडीला दुसरी पुराणकथा गुंफली आहे, हेडीस आणि त्याची राणी पर्सेफनी यांची. ती वर येते तेव्हा उन्हाळा, खाली जाते तेव्हा हिवाळा. नाटक सुरू होतं तेव्हा या नवराबायकोत बिनसलेलं असतं, आणि म्हणून ऋतूंचाही मेळ बिघडलेला असतो.

मूळ कथेत युरिडिसी गेल्यावर होणारा ऑर्फियसचा भयंकर मृत्यू नाटकात नाही. तो गाळला हे फार बरं झालं असं मला वाटतं, कारण मग शेवटी जे घडतं त्याला जागाच उरली नसती.

हे कुणी लिहिलं? तयार व्हायला इतकी वर्षं लागली असं का म्हणतात?

अनेइस मिचेल. व्हर्माँट या छोट्याशा अमेरिकन राज्यातली गायिका आणि गीतकार. शब्द, संगीत आणि संहिता तिचीच. २००६ मध्ये तिनं गावच्या कलाकारांना घेऊन पहिला प्रयोग केला. २०१० मध्ये गाण्यांचा अल्बम काढला, त्यात युरिडिसी ती स्वतः गायली. मग दिग्दर्शिका रेचेल चॅव्हकिन सोबत आली, २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात प्रयोग झाले, पुढे कॅनडात एडमंटनला, मग लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये, आणि एप्रिल २०१९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, वॉल्टर कर थिएटरमध्ये. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह आठ टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे सर्वात मानाचे पुरस्कार मिळाले.

एका गोष्टीवर तेरा वर्षं. ज्यांनी नाटक बसवण्याची धडपड कधी केली आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

शेवट माहीत असतानाही प्रेक्षक दचकतात, हे खरं आहे का?

खरं आहे. मी दोन्ही वेळा ऐकलं.

पहिल्यांदा मी वरच्या बाल्कनीत होते. शेजारी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी, वेणीत कागदाचं लाल कार्नेशनचं फूल खोचलेलं. मध्यंतरात ती सांगत होती की तिची ही चौथी वेळ, सगळी गाणी पाठ आहेत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी परतीची वाट सुरू झाली तशी तिनं पुढचा कठडा दोन्ही हातांनी धरला. ऑर्फियस चालतो आहे, ती मागे आहे, आणि आपल्याला दोघं दिसत आहेत. त्याला मात्र ती दिसत नाही. शेवटचं पाऊल. तो वळतो. त्या क्षणी सबंध नाट्यगृहातून एकच आवाज आला, शेकडो माणसांनी एकदम श्वास आत ओढल्याचा. आणि ती मुलगी, चौथ्यांदा बघणारी, अगदी हळू म्हणाली, "नको."

वाद्यं थांबलेली असतात. दोघं एकमेकांचं नाव घेतात. रंगमंचाच्या मधोमध युरिडिसी उभी असते तेवढीच गोल जागा तिला घेऊन खाली उतरत जाते. बस, एवढंच. आक्रोश नाही, मोठं गाणं नाही.

लोक दचकतात ते या क्षणानं नाही, त्याआधीच्या अर्ध्या तासानं, असं माझं मत आहे. त्या अर्ध्या तासात नाटक एकेक करून सगळे पुरावे आशेच्या बाजूनं मांडतं. ऑर्फियसचं गाणं पूर्ण होतं. दगडासारखा हेडीस विरघळतो. कित्येक वर्षांनी तो आणि पर्सेफनी एकत्र नाचतात. मान खाली घालून राबणारे कामगार वर बघायला लागतात. पाताळ बदललं, राजा बदलला, मग शेवट का नाही बदलणार? डोक्याला शेवट ठाऊक असतो, पण मनानं तोवर दुसरी बाजू धरलेली असते.

कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की काय होतं ते आठवा. स्मशानात तो तारामतीवर तलवार उगारतो तेव्हा देव हात धरणार हे मांडवातल्या पोराटोरांना माहीत असतं, तरी म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या असतात. फरक एवढाच की तिथे देव हात धरतो. इथे कुणी धरत नाही.

पण तो मागे वळतोच का? इतकी साधी अट!

चाहत्यांमध्ये सर्वात जास्त वाद यावरच होतात, आणि खरं सांगायचं तर जुन्या लोकांमध्येही होते. व्हर्जिल म्हणतो, त्याला अचानक वेड्यासारखी घाई झाली. ओव्हिड म्हणतो, ती थकून मागे राहील ही भीती आणि तिला बघायची ओढ, दोन्ही. ओव्हिडनं पुढे एक ओळ लिहिली आहे ती मला फार आवडते. दुसऱ्यांदा मरताना युरिडिसीनं नवऱ्याबद्दल तक्रार केली नाही, कारण तक्रार करणार कशाची, त्यानं आपल्यावर प्रेम केलं याची? प्लेटोच्या एका संवादात मात्र ऑर्फियसला सरळ भित्रा म्हटलं आहे. बायकोसाठी मरायची हिंमत नव्हती, म्हणून देवांनी त्याला खरी बायको न देता नुसती सावली दाखवली.

नाटकाचं उत्तर शंका हे आहे. परतीच्या वाटेवरच्या गाण्याचं नावच मुळी 'डाउट कम्स इन'. ही शंका तिच्याबद्दलची नाही, असं बरेच चाहते म्हणतात आणि मलाही ते पटतं. ती स्वतःबद्दलची आहे. मी कोण की राजा माझं ऐकेल? मी कोण की ती माझ्यामागून येईल? ही अट घालण्यामागे हेडीसचा हिशेबही असाच असतो. सोडलं तर कामगारांवरचा वचक जातो, नाही सोडलं तर आपण निर्दयी ठरतो आणि हा पोरगा हुतात्मा होतो. म्हणून सोडायचं, पण मनात शंका पेरून. पाताळाच्या राजाला माणसाचं मन चांगलं माहीत असतं.

दुसरी गोष्ट रंगमंचावर दिसते, अल्बममध्ये ऐकून कळत नाही. जाताना ऑर्फियसला सगळ्यांची साथ असते. येताना तो एकटा. युरिडिसी मागून गात असते, मी आहे, मी येते आहे, पण तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्याला ऐकू येतो, त्याला नाही. हे बघणं फार कठीण जातं.

माझी आई साताऱ्याला असते. तिला मी फोनवर ही गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेऊन तिनं पहिला प्रश्न काय विचारला? "तिच्या पायात पैंजण नव्हते का गं?" तिला तिच्या आजीनं सांगितलेली देवीची गोष्ट आठवली होती. देवी भक्ताला म्हणते, तू पुढे चाल, मी मागून येते, वळून बघू नकोस. भक्त पैंजणांच्या आवाजावर भरवसा ठेवून चालत राहतो. एका जागी आवाज थांबतो, तो वळतो, आणि देवी तिथेच राहते. अशा गोष्टी आपल्याकडे गावोगाव आहेत. ओडिशातल्या साक्षीगोपाळाची कथाही अशीच, तिथे श्रीकृष्णाच्या नूपुरांचा आवाज वाळूत थांबतो.

आईच्या त्या एका प्रश्नानं मला हे गाणं नव्यानं कळलं. आपल्या भक्ताला निदान आवाज तरी होता. ऑर्फियसला तोही दिलेला नाही. आणि आपल्याकडे तर स्मशानातून परतताना वळून बघायचं नाही हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. ज्यांनी ते केलं आहे त्यांना माहीत आहे की ती पंचवीस-तीस पावलं किती लांब असतात. साधी अट म्हणू नका.

युरिडिसीचंच चुकलं ना? तीच सोडून गेली.

असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि या प्रश्नावर मी दरवेळी तावातावानं बोलते. ती उपाशी आहे. बाहेर वादळ आहे. तिनं त्याला हाका मारल्या आहेत, त्यानं ओ दिलेली नाही. तीन नियतिदेवता सारख्या तिच्या कानाशी लागून विचारत असतात, आता काय करशील? आणि मग त्या देवताच प्रेक्षकांकडे वळून म्हणतात, तुम्ही तिच्या जागी असता तर? पोट भरलेल्यानं नीतीच्या गोष्टी सांगणं सोपं, असा त्या गाण्याचा रोख आहे. ते गाणं ऐकूनही कुणी तिला बोल लावत असेल तर त्यानं ते पुन्हा ऐकावं, एवढंच म्हणेन.

खाली गेल्यावर ती 'फ्लॉवर्स' हे गाणं गाते. हेडीसच्या करारावर सही केल्यावर हळूहळू नाव, चेहरा, वरचं जग सगळं विसरायला लागतं, आणि फुलांच्या शेतातून उन्हात चालत होतो, सोबत कुणीतरी होतं, एवढीच पुसट आठवण उरते. साधं, सावकाश गाणं आहे. पहिल्या ऐकण्यात निसटतं, तिसऱ्या-चौथ्यांदा घर करतं. मूळ कथेत युरिडिसीला बोलायला जवळपास वावच नव्हता. इथे तिला भूक आहे, निर्णय आहे, पश्चात्तापही आहे. तरुण मुली हे नाटक आपलं मानतात त्याचं कारण बरंचसं हेच आहे.

हेडीस खलनायक आहे का?

पहिल्या अंकात हो. ब्रॉडवेवर ही भूमिका पहिल्यांदा करणारे पॅट्रिक पेज यांचा आवाज इतका खर्जात जातो की खुर्चीच्या लाकडात जाणवावा. पण दुसऱ्या अंकात ऑर्फियस त्याला त्याचीच प्रेमकहाणी गाऊन दाखवतो, तो कसा एका बागेत पर्सेफनीला बघून हरवला होता ते. आणि हा प्रचंड माणूस विसरलेली स्वतःची धून गुणगुणायला लागतो. तिथून पुढे त्याला नुसता वाईट म्हणता येत नाही.

बायकोला खूश करायला म्हणून त्यानं खाली इतके दिवे, इतक्या भट्ट्या उभ्या केल्या, आणि तिला नेमकं तेच नकोसं झालं. चाळिशी-पन्नाशीतले प्रेक्षक तरुण जोडप्यापेक्षा या दोघांसाठी जास्त हळवे होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. माझ्याच ओळखीतलं एक जोडपं प्रयोगाहून घरी जाताना ट्रेनमध्ये एक शब्द न बोलता हात धरून बसलं होतं.

भिंतीचं गाणं राजकीय आहे, म्हणजे ट्रम्प यांच्यावर लिहिलं का?

नाही. पहिल्या अंकाचा शेवट करणारं 'व्हाय वी बिल्ड द वॉल' हे गाणं २००६ सालचं आहे, ट्रम्प यांच्या प्रचारात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीची भाषा सुरू व्हायच्या कितीतरी आधीचं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रेक्षकांना ते बातम्यांसारखं ऐकू आलं, तो काळाचा योग.

गाण्याची घडण बघण्यासारखी आहे. हेडीस विचारतो, कामगार उत्तर देतात, आणि प्रत्येक फेरीत उत्तर एकेका ओळीनं वाढतं. भिंत का? शत्रूला बाहेर ठेवायला. शत्रू कोण? गरिबी. त्यांच्याकडे नाही असं आपल्याकडे काय आहे? काम आहे. काम कसलं? भिंत बांधायचं. वर्तुळ पूर्ण होतं आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही, सगळे एका सुरात गात असतात. पाढे म्हणावेत तसं. मध्यंतराचा उजेड पडतो तेव्हा टाळ्या वाजवाव्यात की नाही असा क्षणभर प्रश्न पडतो.

२०१० चा अल्बम चांगला की ब्रॉडवेचा?

दोन्ही बाजूंचे कट्टर लोक आहेत. जुन्या अल्बममध्ये ऑर्फियस जस्टिन व्हर्नन गातो, पर्सेफनी अॅनी डिफ्रँको. तो कच्चा, धुरकट, लोकगीताच्या अंगानं जाणारा आहे. ज्यांनी नाटकाच्या आधी तो ऐकला त्यांना ब्रॉडवेचं रूप जरा जास्त चकचकीत वाटतं.

खरा वाद ऑर्फियसच्या स्वभावावर आहे. आधीच्या प्रयोगांत तो आत्मविश्वासानं भरलेला, जरा मिजासखोर प्रियकर होता. ब्रॉडवेपर्यंत येताना मिचेलनं त्याला बुजरा, भाबडा, जगाच्या व्यवहाराची जाण नसलेला पोरगा केलं, आणि वसंत परत आणणारं गाणं रचण्याचा ध्यास त्याला दिला. काहींना हा नवा ऑर्फियस बावळट वाटतो. मला तो जास्त खरा वाटतो. जो स्वतःवर इतका खूश आहे त्याला शेवटच्या वाटेवर शंका कुठून येणार? भाबड्याचाच विश्वास असा एकदम तुटतो.

रंगमंचावर विशेष काय आहे? नुसती गाणी ऐकली तर चालणार नाही का?

चालेल, पण तीन गोष्टी हुकतील.

वादक रंगमंचावरच बसतात, पात्रांच्या बाजूला. ट्रॉम्बोनवाला तर जवळजवळ एक पात्रच आहे, आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पर्सेफनी साथीदारांची नावं घेऊन ओळख करून देते. आपल्या मैफलीत करतात तशीच.

दुसरं, फिरता रंगमंच. एकात एक वर्तुळं, वेगवेगळी फिरणारी. ऑर्फियस चालत राहतो आणि तरी तिथेच असतो. एवढ्याशा जागेत पाताळापर्यंतची वाट यातून उभी राहते.

तिसरं, 'वेट फॉर मी'. तो खाली निघतो तेव्हा छतापासून लोंबणारे कारखान्याचे मोठे दिवे झोके घ्यायला लागतात, त्यांचा झोत प्रेक्षकांच्या डोळ्यांवरून जातो, आणि त्याच वेळी नेपथ्याच्या भिंती फाकून मागचा लखलखाट उघडतो. माझ्या अंगावर दोन्ही वेळा काटा आला. दिवे किती साधे! पण दिव्याच्या झोक्यानं वाट दाखवायची कल्पना सुचायला डोकं लागतं.

हर्मीस हे पात्र कधी पुरुष तर कधी स्त्री, असं का?

हर्मीस इथला सूत्रधार आहे, अक्षरशः. पडदा नाही, तोच येऊन एकेका पात्राची ओळख करून देतो, वादकांना इशारा करतो, आणि गोष्ट सुरू होते. मराठी संगीत नाटक पाहिलेल्यांना हे अजिबात परकं वाटणार नाही. ब्रॉडवेवर ही भूमिका आधी आंद्रे डी शील्ड्स यांनी केली, त्यासाठी त्यांना टोनी मिळाला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. २०२२ मध्ये लिलियस व्हाइट आल्या, लंडनला मेलनी ला बॅरी. बाई आल्यावर सूत्रधार मावशीसारखा वाटायला लागतो आणि शेवटचं गाणं निराळंच लागतं. एखादी मावशी पोरांची गोष्ट सांगताना मध्येच थांबते ना, तसं.

लाल फुलाचं काय प्रकरण आहे?

ऑर्फियस युरिडिसीला पहिल्या भेटीत कागदी लाल फूल देतो. ते फूल पुढे हातोहात फिरतं. म्हणून चाहते प्रयोगाला लाल कार्नेशन घेऊन किंवा माळून येतात. सक्ती नाही.

आपल्याकडे अशी कथा आहे का?

सावित्री सगळ्यांना आठवते, आणि ती तुलना खरोखर बघण्यासारखी आहे. तिथे क्रम उलटा. यम सत्यवानाचा प्राण घेऊन पुढे चालतो, सावित्री मागून. ऑर्फियस गाऊन जिंकतो, ती बोलून. यम तिच्याशी बोलायला जितक्या वेळा थांबतो तितके वर तिच्या पदरात पडतात. एका गोष्टीत मागे बघितल्यानं सगळं जातं, दुसरीत सगळं मिळतं.

पण जास्त जवळची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. रुरू हा च्यवन ऋषींचा नातू. त्याचं लग्न प्रमद्वरेशी ठरतं. लग्नाआधीच खेळताना तिचा पाय सापावर पडतो आणि ती साप चावून मरते. रुरू रानात जाऊन विलाप करतो. देवदूत म्हणतो, हिचं आयुष्य संपलं, पण तू तुझं अर्धं आयुष्य दिलंस तर ती उठेल. तो लगेच देतो. ती झोपेतून जागी व्हावी तशी उठते.

साप तोच, वयं तीच, विलाप तोच. फक्त इथे अट मनाच्या खंबीरपणाची नसून सरळ देण्याची आहे. प्लेटोच्या संवादातल्या त्या टीकाकाराला रुरू आवडला असता. रुरू-प्रमद्वरेवर कुणी मराठीत संगीत नाटक करावं असं मला फार वाटतं. १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी महाभारतातल्याच सुभद्राहरणावर 'सौभद्र' केलं आणि त्यातली पदं आजही मैफलीत गायली जातात. सामग्री आपल्याकडे पडलेली आहे.

इंग्रजी नीट कळलं नाही तर? मुलांना दाखवावं का?

शब्द सोपे आहेत, उच्चार स्पष्ट आहेत. जाण्याआधी ब्रॉडवेचा अल्बम एकदा गीतं समोर ठेवून ऐका, पुरेसं आहे. जवळजवळ सगळं नाटक गाण्यांतच असल्यामुळे कथाही कळते. प्रयोग मध्यंतर धरून अडीच तासांचा.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना दाखवायला हरकत नाही. भीतीदायक काही नाही, पण शेवटी रडतील आणि घरी येऊन "का वळला?" म्हणून रात्रभर विचारतील, याची तयारी ठेवा. शाळकरी मुलांना करता यावी अशी या नाटकाची खास आवृत्तीही निघाली आहे आणि परदेशातल्या शाळांमध्ये तिचे प्रयोग होतात. तिथे शिकणाऱ्या एका भाचीनं त्यात कामगाराचं काम केलं. तिचा आवडता भाग कुठला, तर सगळ्यांनी मिळून पाय आपटत भिंतीचं गाणं म्हणायचा.

चोरून केलेलं चित्रण बघितलं तर काय बिघडलं?

ज्यांना तिकीट आणि विमान परवडत नाही त्यांची तगमग मला कळते, मीही कित्येक वर्षं फक्त गाण्यांवर काढली. तरी अंधारात कुणीतरी मोबाइल वर धरला की त्याचा उजेड मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो, आणि या नाटकात अंधाराचं काम फार मोठं आहे. परतीच्या वाटेवर जवळजवळ काळोख असतो. २०२५ मध्ये ब्रॉडवेचा मूळ संच लंडनला पुन्हा एकत्र आला तेव्हा त्या प्रयोगांचं रीतसर चित्रीकरण झालं आहे. पडद्यावर बघायचंच तर ते बघावं.

शेवट दुःखाचा की सुखाचा?

युरिडिसी जाते. हर्मीस काही क्षण गप्प राहतो. मग म्हणतो, ही जुनी गोष्ट आहे, दुःखाची आहे, आणि तरी आपण ती पुन्हा गाणार, या वेळी वेगळं होईल अशा भरवशानं. आणि त्याच्या मागे सगळी पात्रं हळूहळू पहिल्या प्रवेशाच्या जागी येऊन उभी राहतात. युरिडिसी पुन्हा थंडीतून आत येते. ऑर्फियस तिला पुन्हा पहिल्यांदाच बघतो.

सुखाचा की दुःखाचा हे मला दोनदा बघूनही सांगता येत नाही. कीर्तनकार दरवर्षी त्याच गावात तेच आख्यान लावतात आणि लोक पुन्हा येऊन बसतात, त्यातलंच हे काहीतरी आहे.

टाळ्या झाल्या की निघायचं ना?

नाही! हे आवर्जून सांगते, कारण शेवटची ट्रेन गाठायला धावणारे लोक हे हुकवतात. नमस्कार झाल्यावर सगळे कलाकार पुन्हा पुढे येतात, पर्सेफनी पेला उंचावते आणि ऑर्फियससाठी एक छोटं गाणं गाते, तो जिथे कुठे एकटा भटकत असेल तिथे. वाद्यं जेमतेम. दोन-अडीच मिनिटांचं असेल.

माझ्या शेजारच्या त्या मुलीच्या हातात पेला नव्हता. तिनं वेणीतलं फूल काढलं आणि तेच वर धरलं.